जुन्या ऑसिलोस्कोपचं सर्किट उतरवायचंय: मल्टिमीटर की फोटो?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका पोराकडं जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) आलाय, सर्किट डायग्राम नाही; तो बोर्डावरनंच उतरवून घ्यायचाय. मल्टिमीटरनं एकेक ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) शोधू की बोर्डाचे फोटो काढून संगणकावर उतरवू, असं विचारत होता.

खर्च दोन्हीकडं किरकोळ. वेळेत फोटो पुढं: दोन्ही बाजूंचे काढायचे, एक मिरर करून दुसऱ्यावर अर्धपारदर्शक ठेवायचा, ट्रॅक जुळत जातात. पण आयसीखाली (चिपखाली) दडलेलं दिसत नाही.

मल्टिमीटर जास्त खात्रीचा. जोडणी सापडली की तो बीप करतो; तरी नुसत्या बीपवर भुलू नका; ट्रान्सफॉर्मरचं कमी ओहमचं वाइंडिंगही (तारेचं वेटोळं) जोडणीसारखंच वाजतं. आणि आधी प्लग काढून कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) डिस्चार्ज करा. सीआरटीचा (पडद्याच्या काचेच्या नळीचा) पुरवठा हजारो व्होल्टचा असतोय, हयगय नको.

फक्त पॉवर सप्लाय दुरुस्त करायचा तर मल्टिमीटर पुरे. अख्खा बोर्ड उतरवायचा तर फोटो, शंकेच्या जागी मीटर.