सेवा क्षेत्रातला रोजगार मोजायला पीएलएफएस की ईपीएफओ?

महाराष्ट्रातला सेवा क्षेत्राचा रोजगार ट्रॅक करायचाय, पीएलएफएस (केंद्र सरकारचं रोजगाराचं सर्वेक्षण) की ईपीएफओ (नोकरदारांचा पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था), कुठला डेटा घेऊ, असं एकीने विचारलंय म्हणून लिहितेय.

आधी कोण मोजलं जातं ते बघा, खरा फरक तिथेच आहे. पीएलएफएसवाले घरोघरी जाऊन विचारतात, त्यामुळे रिक्षावाले, पार्लरवाल्या, घरगुती क्लास घेणारे, घरकाम करणाऱ्या मावशी सगळे येतात. ईपीएफओत फक्त ज्यांचा पीएफ भरला जातो तेच, म्हणजे मुख्यतः 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांतले. शिवाय त्यांच्या 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस' गटात मनुष्यबळ पुरवणारे कंत्राटदार आणि सिक्युरिटीवाले असतात, म्हणजे कंत्राटी कामगार कारखान्यात मशीनवर उभा असला तरी तो सेवा क्षेत्रातच दिसू शकतो, आणि हे न बघता काढलेले ग्राफ पाहिले की मला खरंच वाईट वाटतं.

आणि हो, ईपीएफओचा महिन्याचा आकडा म्हणजे निव्वळ भर (नव्याने आलेले आणि परतलेले, वजा बाहेर पडलेले), एकूण कामगार नव्हेत!

वेगात ईपीएफओ बरं, दर महिन्याला येतं, पण आकडे तात्पुरते असतात, नंतर बदलतात. पीएलएफएस 2017 पासून आहे, एप्रिल 2025 पासूनचे त्याचेही मासिक आकडे येतात, पण एका राज्यातल्या एकेका उद्योगापर्यंत खाली गेलं की सॅम्पल (विचारलेल्या घरांची संख्या) तोकडं पडतं. मेहनतही पीएलएफएसला जास्त, युनिट डेटा (एकेका व्यक्तीची कच्ची नोंद) फुकट मिळतो पण वेट (ती नोंद किती लोकांच्या वतीने धरायची तो आकडा) लावून एकूण आकडे स्वतः काढावे लागतात.

सेवा क्षेत्रात एकूण किती लोक, बायका किती, स्वयंरोजगार किती हे हवं असेल तर पीएलएफएसचा वार्षिक डेटाच घ्या. फॉर्मल नोकऱ्या वाढतायत की आटतायत एवढंच लवकर बघायचं असेल तर ईपीएफओ चालेल, फक्त तो 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस' गट जपून वाचा.