कीबोर्ड निवडताना टोनचा आकडा बाजूला ठेवावा : बेळगाव परिसरातील वादकांसाठी एक परीक्षण

कीबोर्डच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला असतो तो टोनचा, म्हणजे वाद्यात साठवलेल्या निरनिराळ्या आवाजांचा आकडा. दुकानात आलेला पालक किंवा भजनी मंडळाचा कार्यकर्ता साहजिकच त्या आकड्याकडे पाहतो, कारण शेजारी शेजारी मांडलेल्या दोन काळ्या वाद्यांमध्ये डोळ्यांना दिसणारा फरक तेवढाच असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पेटी आणि कीबोर्ड शिकवताना माझे मात्र ठाम मत झाले आहे, की या आकड्यावरून वाद्याची पारख करता येत नाही. बोटाखाली की कशी लागते, स्वर हवे तसे किंचित चढवता-उतरवता येतात का आणि आवाज वाद्यातून कोणत्या वाटेने बाहेर पडतो, हे तीन प्रश्न विचारले की निम्मी मॉडेल आपोआप गळून पडतात.

आपल्याकडचा बहुतेक वादक कीबोर्डपाशी येतो तो पेटीवर बसलेला हात घेऊन. कागवाडला जन्मलेल्या पंडित रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात हार्मोनियमवादकांच्या पिढ्या घडवल्या, आणि गावोगावच्या भजनी मंडळांत आजही पेटी हेच मुख्य स्वरवाद्य आहे. पेटीवर की हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाजाचा लहान-मोठेपणा ठरतो तो भात्यावर. म्हणून पेटीवाल्याचे बोट हलके, सपाट आणि तानेत अतिशय वेगवान असते. पियानोची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे आवाज बोटाच्या जोरावरच ठरतो आणि की खाली न्यायला साधारण ५० ग्रॅम भार लागतो. पेटीवाल्याला ८८ वजनदार कीजचा डिजिटल पियानो घेऊन दिला, तर चार आवर्तनांच्या तानेतच त्याचा हात भरून येतो. आणि पियानोच्या ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलाला हलक्या कीजचा कीबोर्ड दिला, तर त्याच्या बोटांत ताकद येत नाही व पुढे खऱ्या पियानोसमोर बसताच ते मूल गोंधळते. कोणते वाद्य चांगले, हा प्रश्न म्हणूनच कोणाच्या हातासाठी, हे ठरल्याशिवाय विचारू नये.

पेटीच्या हाताला ६१ कीजचे वाद्य पुरते. खास भारतीय बाजारासाठी काढलेल्या मॉडेलांपैकी यामाहा पीएसआर-आय ५०० आणि कॅसिओ सीटी-एक्स ८००० आयएन ही दोन आमच्या भागात विचारात घेण्यासारखी आहेत. यामाहाचे बलस्थान म्हणजे त्यातील रियाझाची सोय. तबला आणि तानपुरा वाद्यातच मिळत असल्याने विद्यार्थ्याला सरावासाठी वेगळे यंत्र किंवा मोबाईल जोडावा लागत नाही, आणि ज्या घरात संध्याकाळी एकच मोबाईल चार जणांना हवा असतो तिथे ही गोष्ट लहान नाही. कॅसिओचा आवाज मला खालच्या सप्तकात अधिक भरीव वाटतो आणि त्यात स्केल ट्युनिंगची, म्हणजे प्रत्येक स्वर किंचित चढवण्या-उतरवण्याची सोय आहे. भजनी मंडळासाठी मी कॅसिओकडे झुकतो, घरी एकट्याने शिकणाऱ्यासाठी यामाहाकडे. कोणतेही घेतले तरी पेटीचा टोन वाजवताना टच रिस्पॉन्स (बोटाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा करणारी सोय) बंद करावा, नाहीतर तानेतील काही स्वर उगाच दबतात आणि काही उसळतात.

स्केल ट्युनिंगबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दुकानदार ही सोय क्वचितच दाखवतात आणि आपल्या संगीताला तिची सर्वांत जास्त गरज असते. कीबोर्ड कारखान्यातून येतो तो समान अंतरावरच्या बारा स्वरांत लावलेला. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर प्रत्येक स्वर शेजारच्या स्वरापासून बरोबर १०० सेंटवर असतो, म्हणजे शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक कागदावर किरकोळ दिसतो; पण चांगला लागलेला तानपुरा चालू ठेवून कीबोर्डवर गंधार धरून ठेवला, की दोन्हींच्या मध्ये एक थरथर ऐकू येते आणि गायकाला आपलाच स्वर उतरल्याचा भास होतो. पंचम जेमतेम २ सेंटने हुकतो, त्याला हात लावायची गरज नाही. शुद्ध धैवत सुमारे १६ सेंटने उतरवावा लागतो, तर कोमल गंधार तितकाच चढवावा लागतो. काळी एक पट्टीत भूप गाणाऱ्याच्या साथीला बसायचे असेल, तर षड्ज सी शार्पवर धरून एफ हा स्वर १४ ने आणि ए शार्प हा १६ ने खाली घ्यायचा. ही मांडणी एकदा वाद्याच्या मेमरीत साठवली, की पुन्हा खटाटोप नाही. ट्रान्सपोज करून (बटणाने सगळी पट्टी वर-खाली सरकवून) वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी : ट्रान्सपोज बदलल्यावर ही ट्युनिंग षड्जाबरोबर सरकते, की आपल्या जागीच राहते, हे प्रत्येक वाद्यात सारखे नसते आणि ते कानानेच कळते. मॉडेल कोणतेही असो, पैसे मोजण्यापूर्वी ही सोय मेनूतून उघडून दाखवायला सांगावी आणि मोबाईलवर तानपुरा लावून दुकानातच ऐकावी.

लग्नातील ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीत वाजवणाऱ्यांची गरज वेगळी असते. त्यांच्यात रोलँडचा एक्सपीएस-१० चांगलाच रुळला आहे. त्याला स्वतःचे स्पीकर नाहीत, ही त्याची उणीव नसून रंगमंचासाठी केलेली रचनाच आहे. पण घरी शिकण्यासाठी हे वाद्य घेणाऱ्याने हेडफोन किंवा अँप्लिफायरचा खर्च आधीच धरावा.

पियानो शिकणाऱ्या मुलांसाठी ५० हजारांच्या आतबाहेर मिळणारी तीन वाद्ये मी वाजवून पाहिली आहेत : यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१० आणि कॅसिओ सीडीपी-एस ११०. तिन्हींना ८८ वजनदार कीज आहेत. बोटांच्या दृष्टीने एफपी-१० निर्विवाद पुढे आहे. त्याच्या प्रत्येक कीखाली तीन सेन्सर असल्याने की पूर्ण वर न येऊ देता तोच स्वर पुन्हा वाजवता येतो, आणि कीजचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असल्याने घामेजलेले बोट घसरत नाही. शिवाय त्याची पॉलिफनी, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या, ९६ आहे, इतर दोघांची ६४. पेडल दाबून धरलेल्या लांब ओळींत जुने स्वर अचानक तुटण्याची शक्यता त्यामुळे कमी होते, तरी सुरुवातीच्या ग्रेडसाठी ६४ पुरेसे आहेत. एफपी-१० चा दोष असा, की त्याला पडदा नाही आणि बटणे मोजकीच आहेत. साधा मेट्रोनोम (लयीची टिकटिक) बदलायचा तरी एक बटण धरून ठरावीक की दाबावी लागते किंवा मोबाईलमधील ॲप ब्लूटूथने जोडावे लागते. वयस्क शिक्षकांना याचा त्रास होतो.

पी-१४५ चा आवाज गोड आहे. त्याची की मला आतल्या भागात, म्हणजे बोट काळ्या कीजच्या बाजूला आत गेल्यावर, जरा जड वाटते. काळ्या कीजच्या मधून वाजवण्याच्या तुकड्यांत ते जाणवते. वजन ११.१ किलो असल्याने एकटा माणूस तो जिन्यावरून सहज नेऊ शकतो. कॅसिओची खोली जेमतेम २३ सेंटिमीटर असून अरुंद घरात त्याची सोय होते, आणि तो सहा पेन्सिल सेलवरही चालतो. पावसाळ्यात तासन् तास वीज जाणाऱ्या खानापूरकडच्या गावांत राहणाऱ्या विद्यार्थ्याला मी म्हणूनच कॅसिओ सुचवतो, जरी स्पर्शात तो एफपी-१० च्या मागे असला तरी. शहरातल्या मुलाला, चार-पाच वर्षे शिकण्याची तयारी असेल तर, एफपी-१० घ्यावा. तिन्हींसोबत येणारे पेडल हलके असते आणि फरशीवर सरकत जाते. खाली रबरी चटईचा तुकडा ठेवला की काम भागते.

या तिन्ही डिजिटल पियानोंना स्वतंत्र लाइन आउट (मिक्सरला आवाज देण्यासाठीचा जॅक) नाही, आणि देवळातल्या किंवा शाळेच्या कार्यक्रमात घोटाळा होतो तो इथेच. आवाज हेडफोनच्या जॅकमधून घ्यावा लागतो. तो जॅक स्टिरिओ असतो : टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा. मंडपातला साउंडवाला घाईत दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली साधी वायर काढून ती थेट मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये लावतो. तो इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा पुढे पाठवतो, त्यामुळे डाव्या-उजव्यात सारखा असलेला आवाज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि पियानो दूरच्या विहिरीतून आल्यासारखा पोकळ ऐकू येतो. वाद्य बिघडले असे समजून अनेक जण ते दुरुस्तीला नेतात. उपाय साधा आहे : एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वायर घ्यावी, त्या दोन वेगळ्या चॅनेलमध्ये लावाव्यात आणि वाद्याचा आवाज पाऊणपर्यंतच ठेवावा. ही वायर वाद्याबरोबरच विकत घेऊन पिशवीत ठेवावी.

विजेच्या बाबतीत दोन सूचना पुरेत. अडॅप्टर हरवला तर तेवढ्याच व्होल्टचा दिसणारा स्वस्त अडॅप्टर लावू नये, कारण पिनेच्या आत धन आणि बाहेर ऋण की त्याच्या उलट, हे सर्व कंपन्यांत आणि सर्व मॉडेलांत सारखे नसते. जुन्या पद्धतीच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वाद्य लावल्यास स्पीकरमधून येणारी किरकिर ही वाद्याची नसून इन्व्हर्टरची असते.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्यांची संख्या आता वाढली आहे, आणि त्यांच्याकडून होणारा पहिला खर्च बहुधा कंडेन्सर मायक्रोफोनवर असतो. बेळगावातल्या घरांसाठी तो मला अयोग्य वाटतो. पत्र्यावर पडणारा पाऊस, गल्लीतली दुचाकी, डोक्यावरचा पंखा, हे सारे तो इमाने इतबारे टिपतो. भजन किंवा भावगीत गाणाऱ्याने शुअर एसएम ५८ घ्यावा. १९६६ पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक मायक्रोफोन समोरचा गळा घेतो आणि खोलीचा बराचसा गोंगाट सोडून देतो. त्याला ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरचीही (मायक्रोफोनला वायरीतूनच दिल्या जाणाऱ्या विजेची) गरज नसते.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोन आणि वाद्य संगणकाला जोडणारे यंत्र, घेताना एकाच वेळी किती तारा आत घ्यायच्या आहेत, हे आधी बोटांवर मोजावे. फोकसराइट स्कार्लेट २आय२ मध्ये दोन इनपुट असतात. गळा आणि स्टिरिओ कीबोर्ड एकत्र मुद्रित करायचा तर तीन लागतात, त्यासाठी ४आय४ घ्यावा. आधी कीबोर्ड आणि मग त्यावर गळा अशा क्रमाने काम करणाऱ्याला २आय२ पुरतो आणि वाचलेल्या पैशांत चांगला हेडफोन येतो. मुद्रण करताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणि सॅम्पलिंगचा दर ४८ किलोहर्ट्झवर ठेवल्यास बफरमुळे होणारा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. प्रत्यक्षात एकूण उशीर त्याहून थोडा जास्त असतो, तरी गायकाला तो खटकत नाही.

मुद्रण पारखून ऐकण्याचे मॉनिटर स्पीकर सर्वांत शेवटी घ्यावेत. यामाहा एचएस ५ उत्तम आहेत, पण दहा बाय दहाच्या खोलीत ते भिंतीला चिकटवून ठेवले, की खर्जाचा आवाज फुगतो आणि डग्गा प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो. मग मिक्स करताना (सगळे आवाज एकत्र जुळवताना) आपण तो कमी करतो, आणि तेच गाणे दुसऱ्याच्या गाडीत लावल्यावर डग्गा हरवलेला असतो. पाठीमागच्या रूम कंट्रोलच्या खटक्याने खर्ज २ किंवा ४ डेसिबलने उतरवता येतो. तो खटका आहे हे ठाऊक नसलेले बरेच जण मला भेटले आहेत.

खरेदी कुठे करावी, हा प्रश्न सारखा विचारला जातो. ६१ कीजची वाद्ये बेळगावात पाहायला मिळतात; ८८ कीजचे वाद्य हाताखाली घेऊन तुलना करायची असेल, तर कोल्हापूर, हुबळी किंवा थेट पुणे गाठण्याची तयारी ठेवावी. ऑनलाइन स्वस्त मिळते हे खरे, तरीही पियानो न वाजवता मागवू नये. घेताना जीएसटीचे बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घ्यावा, विशेषतः राज्याची सीमा ओलांडून वाद्य आणताना.

गणपतीनंतर जुनी वाद्येही विक्रीला निघतात आणि त्यांत चांगली वाद्ये सापडतात. अशा वेळी पियानोचा टोन लावून खालपासून वरपर्यंत प्रत्येक की अगदी हळू, सारख्या जोराने दाबत जावे. बहुतेक वाद्यांत कीखाली एकापाठोपाठ एक टेकणारे दोन संपर्कबिंदू असतात, आणि त्या दोन स्पर्शांमधल्या वेळावरून वाद्य आवाजाचा जोर ठरवते. धूळ किंवा दमट हवेमुळे त्यांतला एक खराब झाला, की ती की हळू दाबूनही किंचाळते किंवा मुकी राहते. अशी एक-दोन ठिकाणे आढळली तरी वाद्य नाकारण्याचे कारण नाही, आतली रबरी पट्टी स्वच्छ करता येते किंवा बदलता येते. त्याचा खर्च मात्र विचारून घ्यावा आणि किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.