गणपतीपासून पावसापर्यंत : लिनक्सवर खेळलेले नऊ महिने

आमच्या घरातला कॉम्प्युटर तसा आंब्याचा. मार्च ते मे त्याच्यावर पेट्यांच्या ऑर्डरी, पत्ते आणि पावत्या एवढंच चालतं. उरलेले महिने तो माझा आणि धाकट्या भावाचा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि मुंबईहून सेकंडहँड आणलेलं एएमडीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचा बाद. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बँकेचे व्यवहार असलेला कॉम्प्युटर तसाच उघडा ठेवणं मला पटत नव्हतं, आणि धडधाकट मशीन टाकून नवं घेण्याइतके पैसे नव्हते.

गेल्या गणपतीत डोंबिवलीहून मावसभाऊ आला तो पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी मोफत प्रणाली, घेऊनच. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ते बसवलं. आता देवगडात पावसाने जोर धरलाय, नऊ महिने झालेत. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच रात्री तरी आम्ही खेळलो. लाईट आणि नेट दोन्ही बेभरवशाचं असलेल्या गावात राहून ज्यांना चार जणांत मिळून खेळायचंय, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय.

आधी एक गैरसमज. लिनक्सवर गेम चालत नाहीत, हे जुनं झालं. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये, म्हणजे तिच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, प्रोटॉन आणलं, तेव्हापासून चित्र पालटलं. प्रोटॉन म्हणजे विंडोजच्या गेमचं बोलणं लिनक्सला समजावणारा दुभाषा. आत विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन आहे, आणि विंडोजच्या डायरेक्टएक्सचे चित्र काढण्याचे हुकूम लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये उतरवणारं डीएक्सव्हीके आहे. स्टीमच्या सेटिंगमध्ये 'कम्पॅटिबिलिटी'त जाऊन ते सगळ्या गेमसाठी चालू करायचं, की झालं. एएमडीच्या कार्डाला तर ड्रायव्हरही वेगळा घालावा लागला नाही, तो लिनक्ससोबतच येतो. गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर लोकांचे अनुभव वाचायचे, ही सवय मात्र लावून घ्या. आमचे पैसे त्याने दोनदा वाचवले.

पहिला आठवडा तरीही डोकेदुखीचा गेला. विंडोजच्या काळातली १ टीबीची हार्डडिस्क गेमसकट तशीच लावली होती. ती एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. स्टीमला सगळे गेम दिसत होते, पण 'प्ले' दाबलं की बटणाचं 'स्टॉप' व्हायचं, पाच-सात सेकंद तसंच राहायचं आणि पुन्हा 'प्ले'. चूक काय ते कुठे सांगत नाही, पडद्यावर काही येत नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कारण कळलं तेव्हा साधं निघालं : प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी 'सी ड्राइव्ह' तयार करतं, तिच्यात नावात कोलनचं चिन्ह (:) असलेल्या फायली लागतात, आणि एनटीएफएसवर हे सुरळीत होत नाही. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट केली, गेम नव्याने घातले, आणि त्यानंतर तो त्रास पुन्हा झाला नाही. विंडोजमधून येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिलं सांगते.

आता मुख्य गोष्ट, व्हॅलहाइम. स्वीडनच्या आयर्न गेट स्टुडिओचा हा गेम फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. लाकूड तोडायचं, घर बांधायचं, शिकार करायची, आणि मग समुद्र ओलांडायचा. एका जगात दहा जणांपर्यंत खेळता येतं. लिनक्सची आवृत्ती स्टुडिओनेच दिलेली आहे, त्यामुळे इथे प्रोटॉनचीही गरज नाही. आमच्या कार्डावर १०८० पिक्सेलला, सावल्या एक पायरी खाली आणून, ५० ते ६० फ्रेम मिळतात. मोठं गाव बांधलंत तर त्या ३५ वर येतात, हे धरून चाला.

समुद्रकाठच्या माणसाला हा गेम लागतो तो होडीमुळे. वारा कुठून वाहतो त्याचं चिन्ह पडद्यावर दिसत असतं. वारा पाठीशी असेल तर पूर्ण शीड, आडवा असेल तर अर्धं, आणि समोरून आला तर शीड उतरवून वल्ही. एकदा शेजारचे आबा अंगणातून आत आले आणि मागे उभे राहून बघत बसले. आयुष्य मासेमारीत गेलेला माणूस. मी समोरच्या वाऱ्यात शीड तसंच ठेवून झगडत होते. ते म्हणाले, "वारो समोरसून इलो काय शीड उतरवूचा गो. नायतर तिरक्या, तिरक्या जावचा." तिरकं तिरकं गेले, आणि होडी खरोखर पुढे सरकली. त्यानंतर आबा आठवड्यातून एकदा तरी 'होडी खंय पोचली?' म्हणून विचारतात.

आमचा नियम असा की देवगडातून मी किंवा भाऊ, एका वेळी एकच. डोंबिवलीहून मावसभाऊ आणि पुण्याहून मामेबहीण. सुरुवातीला जग माझ्या कॉम्प्युटरवरच असायचं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला आणि ते अंगाशी आलं.

त्या रात्री आम्ही दलदलीच्या बेटावरून कच्चं लोखंड घेऊन परतत होतो. या गेममध्ये धातू जादूच्या दारातून नेता येत नाही, होडीनेच न्यावा लागतो. आमच्या लहान होडीला चारच खण. चारही भरलेले, त्यातला एक मामेबहिणीचा, तीस तुकड्यांचा, आणि दोन मावसभावाचे. वीज कडाडली आणि लाईट गेली. यूपीएस होता, पण बॅटरी संपलेली. मशीन जागच्या जागी बंद. तासाभराने लाईट आल्यावर जग उघडलं तर ते वीस-पंचवीस मिनिटं मागे गेलेलं. होडी रिकामी, पलीकडच्या काठाला. माझं लोखंड माझ्यापाशी होतं. त्या दोघांचं गेलं.

असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. व्हॅलहाइममध्ये जग एकीकडे आणि तुमचं पात्र दुसरीकडे जतन होतं. जग यजमानाच्या मशीनवर, पात्र ज्याच्या त्याच्या मशीनवर. माझं मशीन बंद पडल्यावर जग आणि माझं पात्र दोन्ही मागच्या वेळेला गेलं, म्हणून माझा हिशोब जुळला. त्या दोघांचा संपर्क तुटला तेव्हा त्यांची पात्रं मात्र आहेत तशी जतन झाली, म्हणजे लोखंड होडीत ठेवून रिकाम्या हाताने. आणि होडी तर मागे जाऊन रिकामी झालेली. मामेबहीण काही बोलली नाही. "ताई, जाऊ दे गं," एवढंच म्हणाली. तिच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यातल्या दोन रात्री त्यात गेल्या होत्या, आणि मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

यावर जो उपाय सापडला तो मला या नऊ महिन्यांतला सगळ्यात मोठा लाभ वाटतो. माळ्यावर मोडक्या बिजागरीचा एक लॅपटॉप पडून होता, ८ जीबी रॅमचा. त्यावर डेबियन नावाचं लिनक्स घातलं, डेस्कटॉपशिवाय, आणि व्हॅलहाइमचा स्वतंत्र सर्व्हर, म्हणजे कोणी खेळत नसतानाही जग चालू ठेवणारा प्रोग्रॅम, बसवला. सर्व्हर स्टीमच्याच स्टीमसीएमडी या प्रोग्रॅममधून फुकट मिळतो, त्यासाठी वेगळं खातंही लागत नाही. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. राउटर इन्व्हर्टरवर. झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग केली, आणि मशीन सुरू झालं की सर्व्हर आपोआप सुरू व्हावा ही सोय लिनक्समधल्या सिस्टमडीने झाली. सर्व्हर मुळात दर १८०० सेकंदांनी जग जतन करतो. ते ३०० वर आणलं. मावसभावाने एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली : बॅटरी १५ टक्क्यांवर आली की सर्व्हरला नीट थांबण्याचा निरोप जातो, आणि थांबताना तो जग जतन करूनच थांबतो. रोज पहाटे जगाच्या दोन फायली पेनड्राइव्हवर उतरतात. तेव्हापासून आजवर लोखंडाचा एक तुकडा हरवलेला नाही.

बाहेरच्यांनी त्या लॅपटॉपपर्यंत पोचायचं कसं हा पुढचा प्रश्न. आमच्याकडच्या फायबरवर घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, अनेक घरं एकाच पत्त्यामागे असतात. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून काही उपयोग नाही. दूरदूरची मशीनं एका खासगी जाळ्यात जोडणारं टेलस्केल सगळ्यांच्या मशीनवर घातलं आणि आम्ही जणू एकाच घरातल्या वायरवर आलो.  डोंबिवलीहून पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, ३५ ते ४० मिलिसेकंद, पुण्याहून थोडा जास्त. एकमेकांशी बोलायलाही त्याच लॅपटॉपवर मंबल हा प्रोग्रॅम ठेवलाय. आवाज स्वच्छ, डेटा नगण्य.

डेटाचं मुद्दाम सांगते, कारण पावसात माडाचं झाप पडलं की फायबर तुटते आणि दोन-तीन दिवस कोणी येत नाही. मग मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर भागवायचं. खेळायला ते पुरतं; दोन तासांना आमचे २०० ते २५० एमबी जातात. खातं ते स्टीम. लिनक्सवर ते गेमसोबत शेडरच्या, म्हणजे चित्र रंगवण्याच्या, फायलीही वेगळ्या उतरवत राहतं. डाउनलोडच्या सेटिंगमधलं शेडर प्री-कॅशिंग बंद करा, अपडेटची वेळ पहाटेची लावा. बंद केल्यावर नव्या गेमच्या पहिल्या दहा मिनिटांत थोडे हिसके बसतात, पुढे नाही. मोठे गेम आम्ही सणाला उतरवतो. शिमग्याला मावसभाऊ लॅपटॉप घेऊन आला, मध्ये एक लॅनची वायर लावली, आणि स्टीमने गेम नेटवरून न आणता त्याच्या मशीनवरून आणले. ही सोय २०२३ पासून आहे आणि गावाकडच्यांसाठी तिचं मोल फार आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. प्रोजेक्ट झोम्बॉइड लिनक्सवर थेट चालतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या बिल्ड ४२ च्या चाचणी आवृत्तीत सुरुवातीला मल्टिप्लेयर नव्हतं, म्हणून मिळून खेळायला आम्ही ४१ वरच राहिलो. पालवर्ल्ड आणि डीप रॉक गॅलॅक्टिक प्रोटॉनवर विनातक्रार. टेरारिया, डोन्ट स्टार्व्ह टुगेदर उत्तम. ज्यांना खर्च नकोच आहे त्यांनी लुआंटी बघावं, पूर्वीचं माइनटेस्ट. लहान भावंडांना घेऊन खेळायला छान. काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर आहे आणि मुंबईचा सर्व्हर मिळाला की पिंग ३० च्या आत.

आणि जे चालत नाही ते नाहीच. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पबजी, आणि रस्टचे नेहमीचे सर्व्हर. दोष कॉम्प्युटरचा नाही, फसवेगिरी पकडणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रश्न आहे. त्यातले काही विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, जाऊन बसतात, आणि इथे विंडोजचं कर्नलच नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी वाट करून दिली, पण ती उघडायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात. डेझेडने उघडली, रस्टने नाही. उघडलेली वाट बंदही होते : एपेक्स लेजेंड्स २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस लिनक्सवर बंद झाला. भाऊ तो मन लावून खेळायचा. त्याची तीन वर्षांची कमाई त्या खात्यात आहे. त्याला अजून वाईट वाटतं आणि मलाही त्याच्यासाठी वाटतं. तुमची सगळी मित्रमंडळी अशाच एका गेमवर असतील तर केवळ माझं वाचून लिनक्सवर येऊ नका.

एक आणखी, खाऱ्या हवेचं. हिवाळ्यात पडदा मध्येच काळा व्हायला लागला आणि मी दोन दिवस ड्रायव्हरला दोष देत होते. कार्डाच्या एचडीएमआयच्या भोकात हिरवट थर चढला होता. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्यावर गेला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर दर दोन महिन्यांनी हे करा, आणि वापर नसतानाही रोज तासभर मशीन चालू ठेवा.

यंदा पाऊस मे संपायच्या आधीच आला, झाडावरचा बराच आंबा हातचा गेला, आणि घरात काही दिवस कोणाचाच चेहरा बरा नव्हता. त्या दिवसांत रात्री नऊनंतरचे दोन तास आम्हा भावंडांना मोठा आधार होता. परवा पावणेदहाला लाईट गेली. आमचा कॉम्प्युटर बंद झाला, इन्व्हर्टर तो ओढत नाही. आई आतून म्हणाली, "आता तरी निजा गो." माळ्यावर लॅपटॉपचा हिरवा दिवा चालू होता, आणि भाऊ नि मी अंधारात तो बघत पडलो. सकाळी मावसभावाचा मेसेज होता, साडेअकराचा : "ताई, तुमची लाईट गेली वाटतं. तू होतीस तिथून जहाज आम्ही दोघांनी घरी आणलं. अठराच्या अठरा खण भरलेले आहेत, उतरवून पेटीत ठेवलंय."