‘एकदाच लावलेली’ म्हणून घेतलेली ड्रमची पानं

ड्रमसेट वाजवणाऱ्या बहुतेकांच्या घरी कपाटावर जुन्या पानांची, म्हणजे ड्रमवर ताणून बसवायच्या गोल पडद्यांची, एक चळत असतेच. माझ्याकडेही आहे आणि ती ठेवणं योग्यच आहे असं मी आजही म्हणेन. नीट ठेवलेलं जुनं पान ऐन वेळी कार्यक्रम तारून नेतं. पण माझी फसगत याच सवयीतून झाली. माझी स्वतःची जुनी पानं चालतात, तर दुसऱ्याने काढून ठेवलेलीही चालतील असं मी धरून चाललो.

विकणारा आपण ड्रमर असल्याचं सांगत होता. ‘रेकॉर्डिंगसाठी एकदाच लावली, सूर पटला नाही म्हणून काढून ठेवली, तुम्हाला स्पेअर म्हणून उत्तम,’ असं त्याचं म्हणणं. सहा पानं होती. १४ इंची स्नेअरची (खाली तारा लावलेल्या ड्रमची) वरची दोन, कोटेड, म्हणजे पांढरा थर दिलेली. त्याच स्नेअरचं खालचं एक. आणि १०, १२, १६ इंची टॉम या बिनतारांच्या ड्रमसाठी दुपदरी पारदर्शक. सगळी मूळ खोक्यांत, नव्याच्या निम्म्या पैशांत. बॅटर (वरचं, वाजवायचं पान), रेझोनंट (खालचं पान), बेअरिंग एज (ड्रमची कड, जिच्यावर पान टेकतं) हे शब्द त्याच्या बोलण्यात सहज येत होते, त्यामुळे हा आपल्यातलाच माणूस असं वाटलं. फोटो पाठवले ते सगळे वरून, अगदी समोरून काढलेले. पानं पांढरीशुभ्र, कुठे डाग नाही. मी पैसे आगाऊ पाठवून मोकळा झालो.

पार्सल आलं, खोकी उघडली, वरून हात फिरवला आणि पानं तशीच कपाटावर ठेवून दिली. स्पेअर म्हणून घेतलेली वस्तू बाहेर निघते ती काही महिन्यांनी. तोवर तक्रार करायची वेळ गेलेली असते. असा माल विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

चार महिन्यांनी एका कार्यक्रमात मध्यंतराच्या जरा आधी माझ्या स्नेअरचं वरचं पान फाटलं. मध्यंतरात मी त्यातलं एक काढलं, बसवलं आणि ड्रम कीने, म्हणजे चावीने, पान ताणणारे समोरासमोरचे रॉड आवळत गेलो. तेव्हाच एक गोष्ट खटकली होती. रिम, म्हणजे पानाला खाली दाबणारी कडी, नेहमीपेक्षा बरीच खाली गेली तरी पान ताणलं जात नव्हतं. घाई होती, म्हणून मी अजून आवळलं. ‘टक्’ असा आवाज झाला आणि दोन लगांच्या (रॉड ज्यांत फिरतात त्या खुंट्यांच्या) मधल्या भागात पानाची फिल्म हूपमधून, म्हणजे पानाच्या स्वतःच्या कड्यातून, सुटून वर आली. स्नेअर मेला. दुसरं पान लावून पाहायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर धीरही उरला नव्हता. पुढची सगळी गाणी मी वरचा टॉम कडक आवळून, त्यावर स्नेअरचे ठोके देऊन निभावली. सोबतचे वादक काही बोलले नाहीत, पण प्रत्येक ठोक्याला मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही पानं खिडकीशी घेऊन बसलो. आता दिसायला लागलं.

सुटलेल्या पानाचा पांढरा थर कारखान्यातला नव्हताच. घासून गेलेल्या कोटिंगवर कुणीतरी स्प्रे मारला होता. लोगोभोवती एक पुसटसा चौकोन होता आणि नख फिरवलं की त्याच्या कडेला पायरी लागत होती. लोगो झाकला जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून रंग मारलेला. हूपच्या अॅल्युमिनियमवरही रंगाचे बारीक ठिपके उडालेले होते. दुसऱ्या कोटेड पानावर ब्रश (ड्रम वाजवायचा तारांचा झुपका) घासला, तर ब्रशच्या तारांना खडूसारखी पांढरी भुकटी लागली. रंगाखाली, तिरप्या उजेडात, मधोमध स्टिकचे खळगे स्पष्ट उमटलेले.

पण खरी साक्ष होती ती कडेला, कॉलरवर, म्हणजे हूपजवळ पान वळतं त्या भागावर. पान ज्या शेलवर (ड्रमच्या पोकळ अंगावर) ताणलं जातं, त्याच्या बेअरिंग एजचा वळ कॉलरच्या आतल्या बाजूला कायमचा उठतो. एकदाच लावलेल्या पानावर असा एकच वळ असायला हवा. सुटलेल्या पानावर दोन होते, एकमेकांना छेदत गेलेले, म्हणजे ते किमान दोन वेळा, बहुधा दोन वेगळ्या ड्रमवर चढलेलं. एका शेलच्या आकाराला सवयीचं झालेलं पान दुसऱ्यावर सरळ बसत नाही, एखाद्या लगापाशी ते हट्टाने बेसूरच राहतं. आणि बरीच वर्षं ताणून खेचलं गेलेलं पान परत मूळ मापाला येत नाही, म्हणून तर रिम इतकी खाली गेली होती. या पानाची फिल्म हूपच्या खाचेत गोंदाने धरलेली होती आणि तो गोंद खाचेतून कोरड्या पापुद्र्यासारखा निघत होता.

खालच्या पानात तर वेगळीच लबाडी होती. स्नेअरचं खालचं पान फार पातळ असतं, साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०८ मिलिमीटरच्याही आत. म्हणूनच त्याखालच्या तारा हलक्या ठोक्यालाही बोलतात. वरचं एकपदरी पान बहुधा १० मिलचं असतं, म्हणजे पाव मिलिमीटर. मी मायक्रोमीटर लावला, तर पाव मिलिमीटर भरलं. लोगो पुसलेलं, वरचं एखादं जुनं पारदर्शक पान त्याने खालच्या पानाच्या खोक्यात घालून पाठवलं होतं.

टॉमची तीनपैकी दोन पानं दुपदरी होती. पारदर्शक दुपदरी पान उजेडात तिरपं धरून बोटाने हलकं दाबलं की दोन पदरांमध्ये पाण्यावरच्या तेलासारखे रंगीत पट्टे सरकताना दिसतात. १६ इंचीत ते दिसेनात. ते एकपदरी होतं, फक्त खोकं दुपदरीचं. शिवाय काचेवर उलटं ठेवलं, तर हूप एका बाजूने डुगडुगत होता. वाकलेला हूप कितीही सुरात आवळला तरी उपयोग नाही.

मी त्याला फोन केला. आधी म्हणाला, तुम्ही जास्त आवळलं असेल. स्प्रेचं विचारलं, तर म्हणाला, मी ज्याच्याकडून घेतली त्याला विचारतो. म्हणजे ‘रेकॉर्डिंगसाठी मी लावली’ हेही खोटंच. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. पैसे मिळाले नाहीत.

मला राग याचा येतो की त्याने एका चांगल्या रिवाजाचा गैरफायदा घेतला. पूर्वी ड्रमवर वासराचं कातडं असायचं, दमट हवेत ते सैल पडायचं, कोरड्या हवेत आवळून यायचं. १९५६ मध्ये चिक इव्हान्स आणि १९५७ मध्ये रेमो बेली यांनी पॉलिस्टर फिल्मची पानं बाजारात आणली आणि हवामानाची ती कटकट गेली. आज आपण पान काढून वर्षभर ठेवतो आणि पुन्हा लावतो ते त्यामुळेच. खालच्या बाजूच्या पानावर स्टिक पडत नाही, ते पुष्कळ टिकतं. टॉमचं वरचं पान खळगे पडण्याआधी काढलं तर खालच्या बाजूला छान चालतं. अगदीच संपलेलं पान कापून त्याची कडी केली की आवाज दाबायला कामाला येते. म्हणून जुनी पानं देण्याघेण्याचा रिवाज बंद व्हावा असं मला मुळीच वाटत नाही, वादकांनी एकमेकांना पानं देत राहावीत.

माझी स्वतःची पानं काढताना आता मी हूपवर मार्करने तारीख, कुठला ड्रम, वरचं की खालचं, आणि लोगो कुठल्या लगासमोर होता हे लिहितो. परत त्याच ड्रमवर, त्याच दिशेने बसवलं की पान जुन्या वळात अलगद जातं. ठेवताना सपाट, उन्हापासून आणि बंद गाडीतल्या उष्णतेपासून दूर, वर वजन नाही. आणि स्नेअरचं वरचं व बेस ड्रमचं एकेक स्पेअर मी नवंच घेतो, कारण ही दोन गेली की वाजवणंच थांबतं.

उरलेली दोन १० आणि १२ इंची पानं खरोखरच बरी निघाली, ती टॉमच्या खालच्या बाजूला लावली आहेत. बाकीची चार ठेवून दिली आहेत, नवशिकी मुलं सरावाला येतात त्यांना दोन वळ, रंगाची पायरी, डुगडुगणारा हूप हातात देऊन दाखवायला.

गेल्या आठवड्यात तेच फोटो मला पुन्हा दिसले. तीच सहा पानं, तशीच वरून काढलेली, ‘एकदाच लावलेली’. म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही अशा माणसाशी बोलत असाल तर पैसे पाठवण्याआधी त्याच्याकडून कॉलरचा आतल्या बाजूने काढलेला फोटो मागा, आणि लोगोचा एक अगदी जवळून, तिरप्या उजेडात. मी मागितला नव्हता.