रिले लावू की थेट स्विचवर जोडू?

कुंभार्ली घाटात एका लोड ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर चढत होतो, तेवढ्यात माझ्या जुन्या जीपच्या डॅशबोर्डमधून प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. इंजिन थंड ठेवणारा बेल्टवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन बसवल्याला महिनाही झाला नव्हता. वायरिंग करणाऱ्याने बॅटरीतून स्विच आणि स्विचमधून थेट फॅन असं जोडलेलं, मध्ये रिले नाही. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच. "रिले कशाला, आणखी एक भानगड," तो म्हणाला होता, आणि मीही मान डोलावली होती. गाडी कडेला घेऊन बघतो तर स्विचचं बटण मऊ होऊन एका बाजूला कललेलं.

हिशोब साधा आहे. माझा फॅन चालताना 16 अँपिअर ओढतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. स्विचच्या आतल्या टेकणीत खारी हवा आणि कार्बन साचून 0.1 ओहमचा अडथळा तयार झाला, तर तिथे 25 वॉट उष्णता निघते. म्हणजे डॅशबोर्डच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून घाट चढण्यासारखं. रिले लावला की त्याच स्विचमधून फक्त रिलेच्या आतल्या कॉइलचा (चुंबक बनणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) प्रवाह जातो, साधारण 0.15 अँपिअर. तोच खराब स्विच मग गरम होण्याचं नावही घेत नाही.

घरचा 240 व्होल्टचा स्विच गाडीत लावणारे बरेच आहेत. त्याच्यावर लिहिलेले अँपिअर एसीचे, म्हणजे घरच्या दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचे असतात. एसीत प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसीत, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहात, ती सोय नाही, आणि मोटर बंद करताना ठिणगी जास्तच ओढली जाते.

तरी तो वायरिंगवाला अगदीच चुकीचा नव्हता. रिले म्हणजे चार पिना, चार क्रिम्प (वायरवर दाबून बसवलेले जोड), एक होल्डर. आणि आपल्याकडे प्रत्येक जोड म्हणजे मिठाला आमंत्रण. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत उघडं तांबं बघता बघता हिरवं पडतं. म्हणून 18 वॉटचे दोन एलईडी फॉग लॅम्प लावायचे असतील तर मी रिले लावणार नाही. दोन्ही मिळून 3 अँपिअर. चांगला डीसी स्विच, 5 अँपिअरचा फ्यूज, संपलं. आतल्या दिव्यांना तर विचारही नको.

जुन्या गाडीच्या हॅलोजन हेडलाइटला मात्र लावाच. 60 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 10 अँपिअर, आणि ते बॅटरीपासून स्विचपर्यंत जाऊन परत पुढे येतात. वाटेत एक व्होल्ट गळला तर साधारण पाव उजेड जातो. पावसाळ्यात रात्री घाटात तो पाव उजेड फार असतो.

नव्या इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूकडून (इंजिनच्या कॉम्प्युटरकडून) फॅन चालवायचा असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, रिले हवाच, आणि तोही कॉइलला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला. कॉइलचा प्रवाह तुटताना उलटा व्होल्टेजचा झटका येतो, तो ईसीयूला नको. अशा रिलेत 85 आणि 86 या कॉइलच्या दोन पिना उलटसुलट जोडून चालत नाही.

माझ्या जीपमध्ये आता असं आहे: बॅटरीपासून वीतभर अंतरावर 30 अँपिअरचा फ्यूज, तिथून 4 स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 नंबरच्या पिनेवरून फॅन. 86 ला चावीनंतरची लाइन, 85 स्विचमधून अर्थला. वायर बोटींसाठी मिळते तशी टिनचा मुलामा असलेली. रिले ग्रिलमागे न लावता आतल्या पत्र्यावर उंच, पिना खाली करून बसवलाय, म्हणजे आत पाणी साचत नाही. वायरींना रिलेखाली झोका दिलाय, थेंब तिथून गळून जातो. पिनांना व्हॅसलिन.

रिलेही दगा देतो. आतले कॉन्टॅक्ट चिकटले तर चावी काढल्यावरही फॅन फिरत राहतो आणि सकाळी बॅटरी मेलेली असते. नाही चिकटले, नुसता 'टक्' आवाज बंद झाला, तर तापमानाचा काटा वर जातो. म्हणून मी फॅनचा रिले हॉर्नच्याच जातीचा घेतला. घाटात फॅन थांबला तर हॉर्नचा उपटून तिथे खुपसायचा; चिपळूणपर्यंत हॉर्नविना येता येतं.