वजडी, रक्ती आणि ग्लासगोचा भाचा

भाचा ग्लासगोहून आला आणि हॅगिसचं कौतुक सांगू लागला. मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुस ओटच्या भरड्यात कालवायचं, पोटाच्या पिशवीत भरून शिजवायचं. म्हटलं, चल बाबा. लातूरहून औशाकडं जाताना एक पत्र्याची खानावळ आहे, पाटी नाही, फक्त रविवारी उघडी. तिथं नेला.

जागा वजडीवरून, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पिशवीवरून, ओळखावी. इथं ती कढत पाण्यात बुडवून नीट खरवडतात, काळी साल शिल्लक ठेवत नाहीत. येसूर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) लावलेला दाट रस्सा, वर तर्री. चावायला जराशी चिवट, आणि ती तशीच पाहिजे. लोण्यासारखी लागली तर कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या समजायचं. रक्ती, म्हणजे शिजवून घट्ट झालेलं रक्त, मात्र अव्वल. कांदा-मिरचीत परतलेली, काळपट, मोकळी. भाचा आधी बिचकला. मग म्हणाला, "मामा, हे तर तिकडचं ब्लॅक पुडिंगच की, नुसतं आतड्यात भरलेलं नाही!" आमची आजी हे परसातल्या चुलीवर करायची, भांडंसुद्धा वेगळं; स्वयंपाकघरात बंदी होती. आता हा पठ्ठ्या ताटाचे फोटो काढत होता.

मुंडी मागवू नका. केस नीट भाजले नव्हते, वास येत होता. दुसरी ज्वारीची भाकरी यायला पंधरा मिनिटं लागली, तोवर रस्सा गार. दोघांचे 420 रुपये झाले. बाराच्या आत पोचा, एकनंतर रक्ती उरत नाही.