झोपेत दात खाणाऱ्यांसाठी मापाचा नाइट गार्ड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

खोलीतल्या मैत्रिणीने माझ्या दात खाण्याचा करकर आवाज रेकॉर्ड करून ऐकवला, तेव्हा सकाळी कानशिले का ठणकतात हे मला उमगले. आईने जंतांचे औषध सुचवले, कारण आमच्याकडे दात खाण्याचा संबंध अजूनही जंतांशी जोडला जातो. मी बाजारातला तयार नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचे संरक्षक कवच, आणला. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा तो गार्ड झोपेत रबरासारखा चावला जाई आणि दोन महिन्यांत दाढेखाली फाटला.

नंतर पुण्यातील एका दंतवैद्यांकडून ४,५०० रुपयांत कडक ॲक्रिलिकचा गार्ड करून घेतला. या कामाचे मर्म माप घेण्यापेक्षा गार्ड बसवण्यात आहे, असे मला वाटते. डॉक्टरांनी रंगाचा कागद चावायला देऊन, जिथे ठसा गडद उमटला तेवढा भाग पुन्हापुन्हा घासला आणि दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्या टेकेपर्यंत मला सोडले नाही. पहिले चार दिवस लाळ फार सुटली. आज गार्डवर जे ओरखडे दिसतात ते माझ्या दातांवर पडले असते, आणि झिजलेले एनॅमल, म्हणजे दातांवरचे कठीण आवरण, शरीर पुन्हा तयार करत नाही.

मात्र गार्ड दात वाचवतो, सवय मोडत नाही. डॉक्टरांनी मोबाइलबद्दल विचारल्यावर लक्षात आले की, रात्री मान खाली घालून स्क्रीन पाहताना माझे दात घट्ट आवळलेले असतात. खरे तर ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये दोन-चार मिलिमीटर अंतर हवे. तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी स्मार्टफोन वापरणारे तरुण आणि इंटरनेट नसलेला फोन वापरणारे कर्मठ ज्यू तरुण यांची तुलना केली, तेव्हा दात खाणे व जबडादुखी पहिल्या गटात अधिक आढळली. या दोन गटांचे जगणे इतर अनेक बाबतींतही वेगळे असल्याने सारा दोष फोनवर टाकता येत नाही. तरीही अकरानंतर फोन दूर ठेवू लागल्यापासून माझी कानशिले कमी दुखतात.

गार्ड गरम पाण्याने धुतल्यास त्याचा आकार बिघडतो, ही सूचना दवाखान्यात मिळायला हवी होती. तसेच मोठ्याने घोरणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण वरच्या दातांवरच्या गार्डमुळे काहींच्या झोपेतील श्वसनाचा अडथळा वाढू शकतो.